पेत्राची तलवार आणि पेत्राचें पत्र

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन उपासनेच्या दुसऱ्या सायंकाळीं केलेलें प्रवचन)



आपल्या धर्मग्रामास यंदा पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. काल सायंकाळीं आपण परमेश्वराचे उपकार आठवले; उद्यां पवित्र मिस्साबलिदानांत आपण त्याचे आभार मानणार आहों. मधली ही सायंकाळ आत्मपरीक्षणाची आहे. श्रद्धेचा जो ठेवा वाडवडिलांनीं आपल्या हातीं दिला, तो आपण दुसऱ्याच्या हातीं कोणत्या रीतीनें देतों, हा आजच्या चिंतनाचा विषय होय. ठेवा मोलाचा असला म्हणजे तो देण्याची रीत आपोआप मोलाची होते असें नाहीं. सोन्याचें नाणेंही फेंकून मारलें तर घेणाऱ्याचें कपाळ फुटतें.

विषयास आरंभ करण्यासाठीं आपण गेथसेमनीच्या बागेंत जाऊं. रात्रीची वेळ आहे. दिवे, मशाली व शस्त्रें घेऊन शिपाई आले आहेत. गुरूवर हात पडतो असें पाहतांच पेत्र तलवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या दासाचा उजवा कान छाटून टाकितो. त्या दासाचें नांव मल्ख होतें हें संत योहान सांगतो. आणि प्रभूनें त्या कानास स्पर्श करून तो बरा केला हें संत लूक सांगतो.

येथें आपण क्षणभर थांबूं. पेत्राच्या मनांत कपट नव्हतें. गुरूवरील प्रेम हेंच त्याच्या क्रोधाचें मूळ होतें. परंतु त्या प्रेमानें कापलें काय? कान. ज्या इंद्रियाच्या द्वारें माणूस देवाचा शब्द ऐकतो, तेंच इंद्रिय! त्याच रात्रीं पेत्रास मल्खापुढें सुवार्ता सांगण्याची वेळ आली असती, तर ती मल्खानें कशी ऐकली असती? एक कान उरला होता खरा. परंतु ज्याच्या हातून एक गेला, त्याच्यापुढें दुसरा कान कोण करील?

या प्रसंगास पुष्कळ वर्षें लोटलीं. पेत्र रडला, त्यास क्षमा मिळाली, कळप त्याच्या स्वाधीन झाला. छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती मंडळीस त्यानें जें पहिलें पत्र लिहिलें, त्याच्या तिसऱ्या अध्यायांत तो सांगतो कीं, आपल्या आशेचें कारण जो विचारील त्यास उत्तर देण्यास सिद्ध असावें, मात्र तें उत्तर सौम्यतेचें व आदराचें असावें. बंधुभगिनींनो, हें कोण लिहितो आहे तें ध्यानीं घ्या. ज्याच्या तलवारीस मल्खाचें रक्त लागलें होतें, तोच हात आतां लेखणी धरून सौम्यता शिकवीत आहे. सौम्य स्वभाव त्यास जन्मतः मिळालेला नव्हता. प्रभूनें तो कान जोडतांना त्यानें पाहिलें होतें. तेथें तो शिकला.

या एका वाक्यांत तीन गोष्टी आहेत. उत्तर देण्यास सिद्ध असावें, म्हणजे आपणांस आपला धर्म ठाऊक असावा. जो विचारील त्यास द्यावें, म्हणजे आपलें जीवनच असें असावें कीं तें पाहून कोणी तरी विचारील. आणि तें सौम्यतेनें द्यावें, म्हणजे विचारणाऱ्याचा कान शाबूत राहिला पाहिजे. आपण पुष्कळदां तिसरी गोष्ट विसरतों, आणि मग पहिल्या दोन व्यर्थ जातात.

स्वतः प्रभूची रीत कशी होती? पुनरुत्थानाच्या दिवशीं दोन शिष्य एम्माउस गांवाकडे चालले होते. यरुशलेमेकडे त्यांची पाठ होती. म्हणजे ते चुकीच्या दिशेनें चालले होते. प्रभूनें त्यांची वाट अडविली नाहीं. तो त्यांच्याबरोबर, त्यांच्याच दिशेनें चालूं लागला. प्रथम त्यानें प्रश्न केला; मग त्यांचें सारें दुःख ऐकून घेतलें; आणि त्यानंतर शास्त्राचा उलगडा केला. त्यांच्या मंदपणाबद्दल त्यानें त्यांस बोल लावला हें खरें. परंतु तो ऐकून घेतल्यानंतर लावला. आपल्या मराठी भाषेंत याला फार समर्पक शब्द आहे: कानउघाडणी. कान उघडावयाचा असतो, कापावयाचा नसतो. पुढें गांव आलें तेव्हां त्यानें आपण पुढें जाणार असें दाखविलें. त्यांनीं आग्रह केला तेव्हांच तो आंत गेला. मरणावर जय मिळविणारा प्रभु दोन खिन्न माणसांच्या दारांत आमंत्रणाची वाट पाहतो! मग दुसऱ्याच्या अंतःकरणाचें दार ढकलून आंत शिरण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

तसेंच शोमरोनी स्त्रीचें. याकोबाच्या विहिरीपाशीं प्रभूनें तिला प्रथम उपदेश केला नाहीं. तिच्यापाशीं पाणी मागितलें. ज्याच्याजवळ जीवनाचें पाणी होतें, त्यानें आपण तहानलेले आहों हें आधीं कबूल केलें. दुसऱ्यापासून कांहीं घेण्याची ज्याची तयारी नाहीं, त्याच्या हातून घेण्यास दुसराही कचरतो.

आतां आपल्या भूमीच्या इतिहासाकडे वळूं. आणि तो पाहतांना डोळे मिटून घेऊं नयेत. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत आली. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें ती जिंकून घेतली. या दोनशें वर्षांत या किनाऱ्यावर सुवार्ता आली, तशी सत्ताही आली, आणि दोघींचीं पावलें पुष्कळ वेळां एकाच वाटेवर उमटलीं. गोव्यांत देवळें पाडलीं गेलीं. १५६० सालीं तेथें इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. १६८४ सालीं तेथील लोकांच्या मातृभाषेविरुद्ध फर्मान निघालें. हें सारें आपल्या शेजाऱ्यांच्या स्मरणांत आहे. तें नाकारून त्यांच्याशीं बोलूं गेलों, तर आपला शब्द त्यांच्या उंबरठ्याबाहेरच राहील. तें नाकारण्याचें आपणांस कारणही नाहीं. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें, सत्याची सेवा करतांना ख्रिस्ती लोकांनीं जी बळजबरी केली तिच्याबद्दल, सर्व ख्रिस्तसभेच्या वतीनें परमेश्वराजवळ क्षमा मागितली. परमगुरुस्वामींनीं जें पाप उघड कबूल केलें, तें आपण झांकून ठेवण्यांत कसली निष्ठा?

या इतिहासांतील एकच पान आज आपण नीट वाचूं. गोव्याच्या सासष्टी प्रांतांत कुंकळ्ळी नांवाचा गांव आहे. त्या परिसरांतील देवळें सत्तेनें उद्ध्वस्त केलीं होतीं आणि लोकांच्या मनांत त्याचा दाह होता. २५ जुलै १५८३ रोजीं फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती त्या गांवीं मारले गेले. ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं त्या पांचांस धन्य म्हणून गौरविलें. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि त्यांस ठार केलें. सत्तेनें दिलेलें उत्तर तें असें होतें.

त्या काळीं त्याच सासष्टींत थॉमस स्टीफन्स नांवाचे एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु काम करीत होते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले होते. मारले गेलेले पांचही जण त्यांचे सोबती होते. त्यांच्या मनांत कटुता भरली असती तर तें मनुष्यस्वभावास धरूनच झालें असतें. परंतु त्या घटनेनंतर तीन महिन्यांनीं, ऑक्टोबर १५८३ मध्यें, त्यांनीं आपल्या भावास जें पत्र लिहिलें, त्यांत येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेसारखी आहे असें त्यांनीं कौतुकानें नमूद केलें. पहा बरें! ज्या मातीवर सोबत्यांचें रक्त नुकतें सांडलें, त्या मातीच्या बोलीस ते कान लावून बसले होते.

आणि ते असे थोडे दिवस बसले नाहींत. १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. १५८३ ते १६१६, म्हणजे तेहतीस वर्षें! सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ; जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांत मराठींत सांगितली आहे. ज्या छंदांत ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणला, तोच ओवीचा छंद या परदेशी माणसानें हातीं घेतला. मराठीची थोरवीही त्यांनीं त्यांत गाइली. त्यांच्या काळावरील सत्तेची सावली त्यांच्या ग्रंथावरही पडली आहे. पूर्वींचीं पुराणें हातून गेलीं म्हणूनच नवख्रिस्ती लोकांस नवें पुराण हवें होतें. तरीही फरक उघड आहे. किल्ल्यांत बोलावून मारणाऱ्यांनीं लोकांस आपल्या दारीं नेलें. स्टीफन्स लोकांच्या दारीं गेले, आणि त्यांच्या अंगणांत, त्यांच्या बोलींत, त्यांच्या चालीवर बोलले.

आतां १७३९ कडे पहा. सत्ता गेली. तोफा गेल्या. पोर्तुगीज अधिकारी आणि त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरुही गेले. श्रद्धा केवळ धाकानें बसली असती, तर धाक गेल्यावर तिनें एक दिवसही येथें राहण्याचें कारण नव्हतें. परंतु ती राहिली. वाडीवाडींतून रोझरी चालूं राहिली, क्रूसापुढें दिवा लागत राहिला. ज्या श्रद्धेनें १७३९ ओलांडलें, ती तलवारीनें दिलेली नव्हती; ती कोणा आईनें मुलास मांडीवर घेऊन, आपल्या बोलींत दिलेली होती. आपण त्या आईचीं लेकरें आहों. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोही त्याच आयांच्या धीराचें फळ होय.

आणि याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया! जपानांत येशूसंघीयांची सेवा केल्यानंतर त्यांस त्या संघांत प्रवेश मिळाला नाहीं. त्यांनीं व्यापार केला, वाट पाहिली, आणि मनिला येथें फ्रान्सिसकन संघांत साधे बंधु म्हणून ते दाखल झाले. १५९३ सालीं ते पुन्हां जपानास गेले ते दुभाषी म्हणून. त्यांच्याजवळ ना पद होतें, ना सैन्य. होती ती त्या लोकांची भाषा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण दिला, आणि १८६२ सालीं ते संतपदास पोंचले. दुसऱ्याची जीभ शिकणें ही सौम्यतेची पहिली पायरी आहे, हें आपला संत आपणांस शिकवितो.

बंधुभगिनींनो, हें सारें आम्ही तुम्हांस उंचावरून सांगत नाहीं. पेत्राची तलवार आम्हींही एकदां उपसली होती. आणि ती गोष्ट आज येथें सांगणें हें आमचें कर्तव्य आहे.

गुरुदीक्षा होऊन आम्हांस जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं. वसईपासून दूर एका लहान गांवीं आमची नेमणूक झाली होती. सेमिनरींत शिकलेलें तर्कशास्त्र अजून जिभेवर ताजें होतें. त्या गांवांत एक निवृत्त शिक्षक राहत. सारे त्यांस गुरुजी म्हणत. गळ्यांत तुळशीची माळ; आषाढीची वारी कधीं चुकली नाहीं. दर गुरुवारीं सायंकाळीं ते आमच्या ओसरीवर येऊन बसत. आमच्याकडून त्यांनीं नवा करार वाचावयास नेला होता, आणि डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनास फार लागलें होतें. एकदां ते म्हणाले, "फादर, शत्रूवरही माया करावी असें त्यांत वाचलें, आणि रात्रभर डोळ्यास डोळा लागला नाहीं. सख्ख्या भावाशीं दहा वर्षें अबोला आहे माझा." त्या वेळीं आम्हांस गप्प राहून ऐकतां आलें, ही देवाची कृपा.

पुढें नाताळांत आमच्या पटांगणांत मंडळी जमली असतां गुरुजीही आले. बोलतां बोलतां ते म्हणाले, "हेंच आमचे तुकोबाही सांगतात, फादर." त्यांनीं तें आपुलकीनें म्हटलें, घरांतला चांगला पाट पाहुण्यापुढें मांडावा, तसे त्यांनीं तुकोबा आमच्यापुढें मांडले. आम्हांस मात्र त्यांत आपल्या धर्माचा उणेपणा दिसला. आम्हीं एकामागून एक प्रश्न विचारून त्यांस निरुत्तर केलें. लोक हसले. आम्हीही हसलों. गुरुजींनीं हात जोडले, "बरें फादर, येतों," म्हटलें, आणि ते निघून गेले. पुढच्या गुरुवारीं ओसरी रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या आठवड्यांत एका मुलाच्या हातीं पुस्तक परत आलें. वर्तमानपत्रांत गुंडाळून, दोऱ्यानें नीट बांधलेलें. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत खुणेचा कागद तसाच होता.

वादांत आम्ही जिंकलों होतों. मल्खाचा कान आमच्या पायाशीं पडला होता.

त्याच गांवीं आमच्या मंडळींतील एक विधवा बाई भाजी विकून पोट भरीत असे. तिला अक्षरओळख नव्हती. गुरुजींच्या पत्नीस अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हां ही बाई रोज सकाळीं त्यांच्या अंगणांत टोपली उतरवी, त्या माउलीचें अंग पुसून, वेणी घालून, मग बाजारास जाई. असें वर्षभर चाललें. मोबदला नाहीं, उपदेशाचा शब्द नाहीं. एके दिवशीं गुरुजींनींच तिला विचारलें, "बाई, तुम्ही रोज कां येतां?" ती म्हणाली, "आमच्या फादरनीं रविवारीं सांगितलें कीं आजाऱ्याकडे गेलें म्हणजे ख्रिस्ताकडेच गेल्यासारखें. म्हणून येतें."

हें आम्हांस पुढें कळलें, आणि आम्हीं मान खालीं घातली. ज्या तोंडानें गुरुजींचा अपमान केला, त्याच तोंडचा शब्द त्या बाईनें उचलून, धुऊन, स्वच्छ करून त्यांच्या घरीं पोंचविला होता.

तीन वर्षांनीं आमची बदली झाली. निघण्यापूर्वीं धीर करून आम्ही गुरुजींच्या दारीं गेलों आणि त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं बसावयास पाट दिला, पाणी दिलें, आणि कांहीं वेळानें म्हणाले, "फादर, तें पुस्तक अजून आहे का? खूण होती तिच्या पुढचें वाचावयाचें राहिलें आहे."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तें नेऊन दिलें. कालांतरानें ऐकलें कीं भावाशीं असलेला अबोला त्यांनीं सोडला. ते वारकरी म्हणूनच देवाघरीं गेले. परमेश्वराचें आणि त्यांचें काय बोलणें झालें, तें विचारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांचा कान बरा झाला, एवढें आम्हीं पाहिलें. आणि तो कोणाच्या हातानें बरा झाला, तेंही पाहिलें.

कोणी म्हणेल, "मग आपण गप्पच बसावें काय? ख्रिस्ताचें नांव घेऊंच नये काय?" नाहीं, बंधूंनो. सौम्यता म्हणजे मुकेपणा नव्हे, आणि धीर म्हणजे आळस नव्हे. स्टीफन्स यांनीं अकरा हजार ओव्या लिहिल्या. ते कांहीं गप्प बसले नव्हते. भाजीवाल्या त्या बाईनेंही, विचारल्यावर, कारण लपविलें नाहीं. आपल्या देशाच्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें व प्रसृत करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. त्याचबरोबर ७ डिसेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें गंभीरपणें शिकविलें आहे कीं श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होतां कामा नये, आणि अयोग्य उपायांनीं कोणास भुलवूंही नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहींत. पाहुणा दारीं आला म्हणजे आपण पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढें ठेवितों. तांब्या लपवून ठेवणें हा कद्रूपणा. आणि त्याचें तोंड उघडून पाणी ओतणें हा अत्याचार. तांब्या स्वच्छ असावा, भरलेला असावा, हाताशीं असावा; उचलणारा हात मात्र त्याचा असावा.

घरांतल्या घरांत हा धीर अधिक कठीण असतो. याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. परंतु ख्रिस्ताचे खरे भक्त होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस तो मोठा आघात वाटला. कित्येक वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्यावरही आपल्या रीतीभाती त्यांनीं पाळल्या. टिळक स्वभावानें तापट होते, हें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथावरून सर्वांस ठाऊक आहे. तरी या एका बाबतींत त्यांनीं वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाच्या निश्चयानें. टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां प्रभूच्या चरित्रावरील त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें होतें. तें पुरें कोणीं केलें? लक्ष्मीबाईंनीं! जिच्यावर घाई केली नाहीं, तिनेंच पतीचें अपुरें गीत पुरें केलें.

आज आपल्या घरांघरांत निराळें दुःख आहे. मुलगा रविवारीं मिस्सेस येत नाहीं. मुलगी म्हणते, माझा विश्वास उरला नाहीं. नवी सून दुसऱ्या धर्माच्या घरांतून आली आहे. आईबापांचें काळीज तुटतें, हें आम्ही जाणतों. तुमचे अश्रू आम्हीं पापनिवेदनाच्या जाळीमागून ऐकिले आहेत. परंतु जेवणाच्या पानावर रोज तोच विषय काढून, शेजारच्या मुलाशीं तुलना करून, कोणाचा मुलगा कधीं परत आला आहे काय? संत मोनिकेनें मुलासाठीं कित्येक वर्षें अश्रू ढाळले. ३८७ सालीं, पुनरुत्थानाच्या सणास, मिलान येथें संत अँब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टीनाचा बाप्तिस्मा झाला. आणि त्याच वर्षीं त्या माउलीनें डोळे मिटले. ती मुलाशीं जेवढें बोलली, त्याहून अधिक देवाशीं त्याच्याविषयीं बोलली. आपण हा क्रम उलटा करितों.

तुमच्यापैकीं पुष्कळ जण शेतकऱ्यांचीं मुलें आहां. पानवेल आधारास कशी बांधतात, हें तुमच्या वडिलांनीं तुम्हांस दाखविलें असेल. गाठ सैल ठेवावी लागते. घट्ट आवळली तर वेल वाढतांना तीच गाठ तिला कापते. मुळीच बांधली नाहीं तर वेल जमिनीवर लोळते. बांधावयाची, पण सैल. हें ज्यास साधलें त्याचा मळा हिरवा राहतो.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही तुम्हांपाशीं चार गोष्टी मागतों. पहिली, आपला धर्म नीट शिका. ज्यास स्वतःचें उत्तर ठाऊक नसतें तोच आवाज चढवितो. दुसरी, कोणाच्याही देवाची, संतांची वा सणाची थट्टा आपल्या तोंडून होऊं नये, आणि आपल्या हातांतील मोबाईलवरूनही ती पुढें जाऊं नये. तिसरी, दुसऱ्यास जी मदत कराल ती निरपेक्ष करा. भाकरीच्या मागें अट लपविली, तर भाकरीही बाटते आणि श्रद्धाही. चौथी, या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एका तरी माणसाकडे क्षमा मागावयास जावें. ज्याचा कान आपल्या शब्दानें दुखावला असेल, त्याच्या दारीं. तो घरांतला असेल, शेजारचा असेल, किंवा याच मंदिराच्या बांकावर आपल्यामागें बसणारा असेल. त्याला धर्म सांगण्यास जाऊं नका. त्याच्या घरचें पाणी प्या आणि ऐकून घ्या.

पेरणारे आपण, वाढविणारा परमेश्वर. आपल्या हयातींत कणीस दिसेलच असें नाहीं. स्टीफन्स १६१९ सालीं वारले. त्यांच्या ओव्या त्यांच्यामागून शेंकडों वर्षें श्रद्धावंतांच्या ओठीं राहिल्या. त्या भाजीवाल्या बाईचें नांव कोणत्याही ग्रंथांत नाहीं. तें जेथें असावयास हवें तेथें लिहिलेलें आहे.

हे प्रभु येशू, तूं मल्खाचा कान आपल्या हातानें बरा केलास. आमच्या शब्दांनीं जे जे कान दुखावले, त्यांस तूंच स्पर्श कर. पेत्राची तलवार आमच्या हातून काढून घे आणि पेत्राची लेखणी आमच्या हातीं दे. एम्माउसच्या वाटेवर तूं जसा चाललास, तसें आम्हांस आमच्या शेजाऱ्यांबरोबर चालावयास शिकव. आणि दार आंतून उघडेपर्यंत उंबरठ्याबाहेर उभें राहण्याचा धीर दे. पवित्र मरिया माते, सारें अंतःकरणांत ठेवून वाट पाहणारे माते, आम्हांसाठीं विनंति कर. संत गोन्सालो गार्सिया, आमच्या या भूमीच्या पुत्रा, आम्हांसाठीं विनंति कर.

आमेन.